डाव्या बाह्यांचे चेंडू

मी, खाली सही करणारी बाई, वय वर्षं बहात्तर, धंदा शिवणकाम, विधवा, एका मुलीची आई, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कुणाच्या दडपणाखाली न येता, दुपारचं जेवण झाल्यावर आणि चष्मा लावून लिहायला घेत आहे. कापड कापणाऱ्याला आमच्या धंद्यात मास्टर म्हणतात, म्हणून पस्तीस वर्षं मला सगळे मास्टरच म्हणतात. माझी लेकसुद्धा रागावली की तेच म्हणते.

पंधरा वर्षांपूर्वी मी एक मृत्युपत्र केलं होतं, ते या लेखाने रद्द समजावं. त्यात एक वाक्य होतं, 'माझ्या मृत्यूमुळे काम एक दिवसही थांबता कामा नये.' परवा ते काढून वाचलं आणि ज्या बाईने ते लिहिलं तिची मला फार दया आली. ती बाई भेटली असती तर तिला बसायला खुर्ची दिली असती. ती बसली नसती म्हणा.

१. माझं डोकं ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देण्याआधी त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितलं. मी थेट दोनपर्यंत गेले आणि विचारलं, 'आता शून्याच्या खाली उतरू का?' ते म्हणाले, 'नको मास्टर, मलाच मोजता येणार नाही.' डोकं ठीक आहे, हृदय मात्र गेल्या उन्हाळ्यापासून अधूनमधून टाका सोडतं. म्हणून ही घाई. घाई मी फार वर्षांनी करते आहे, आणि ही शेवटची.

२. या मृत्युपत्राची व्यवस्था पाहण्यासाठी मी आमच्या वकिलांना नेमत आहे. त्यांनी मला एक कच्चा मसुदा करून दिला होता. त्यात 'सदरहू' अकरा वेळा आणि 'उपरोक्त' सात वेळा होतं. अस्तर नीट बसावं म्हणून आम्हीही आत बरंच काही घालतो, पण ते बाहेर दिसू देत नाही. तेव्हा कायद्याला लागेल तेवढं त्यांचं ठेवलं आहे आणि बाकी माझं आहे. जिथे जिथे त्यांनी समासात पेन्सिलीने 'विषयाशी संबंध नाही' असं लिहिलं, तिथला मजकूर मी शाईने पुन्हा लिहिला आहे.

३. कारखान्याच्या वरच्या दोन खोल्या, जिना आणि गच्ची माझ्या लेकीला द्यावी. मात्र रस्त्याकडच्या खोलीत माझ्या नणंदेला, म्हणजे वन्संना, त्या आहेत तोवर राहण्याचा हक्क आहे. वन्सं सत्त्याहत्तर वर्षांच्या आहेत. खिडकीजवळची खुर्ची त्यांची, रेडिओ त्यांचा, आणि रेडिओचा आवाज किती ठेवायचा हेही त्याच ठरवणार. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा आमचं पटेना. त्या मला मान मोडून काम करणारी मुंगी म्हणायच्या आणि मी त्यांना मनातल्या मनात आळशी म्हणायचे. माझे यजमान गेले तेव्हा लेक नऊ वर्षांची होती. त्या दिवसापासून त्यांनी माझी लेक सांभाळली आणि मी मशीन. यातलं अवघड काम कुणाचं होतं ते मला उशिरा कळलं.

४. बँकेत जे काही शिल्लक असेल त्यातून वन्संच्या औषधपाण्याची सोय व्हावी आणि उरेल ते लेकीचं. यावर मला अधिक काही लिहायचं नाही.

५. हत्यारं. मोठी कात्री काजवालीला द्यावी. ती बटणांची घरं, म्हणजे काज, करते म्हणून तिला काजवाली म्हणतात, पण खरं तर ती कापडही माझ्याइतकंच चांगलं कापते. भीतीपोटी कबूल करत नाही इतकंच. कात्रीच्या वरच्या कडीला मी कापडाची पट्टी गुंडाळली आहे, ती सोडू नये. नाहीतर माझ्या अंगठ्याला पडलेला घट्टा तिच्या अंगठ्यालाही पडेल. बोटात घालायचं अंगुस्तान, टेप, वजनं आणि लाकडी फूटपट्टी जिला हवी तिने घ्यावी. पाच मशीनी ज्या पाचजणी चालवतात त्यांच्याच. इस्त्री कुणीही घेऊ नये, ती धोकादायक आहे. हे मी दर वर्षी म्हणते आणि दर वर्षी तीच वापरतो.

६. आता चेंडू. याच कलमाला वकिलांची सगळ्यात जास्त पेन्सिल लागली आहे, पण हे समजल्याशिवाय पुढचं काही समजणार नाही.

अकरा वर्षांपूर्वी एका मोठ्या हॉटेलच्या वाढप्यांचे साठ कोट आमच्याकडे आले होते. निळं कापड, एका बाजूने चकाकणारं. तेव्हा मी सलग तिसरा आठवडा एकही सुटी न घेता उभी होते. गरज होती असं नाही. यजमान गेल्यावरची पहिली दहा वर्षं गरज होती, ती मी नाकारत नाही, आणि त्या वर्षांत राबले त्याचा मला पस्तावाही नाही. पण पुढची चौदा वर्षं नुसती खोड होती. रिकाम्या हाताने बसलं की मला गुन्हा केल्यासारखं वाटायचं. बायका जेवायला बसल्या की मी उभ्याने जेवायचे आणि त्यांच्या ताटाकडे बघत राहायचे, म्हणजे त्यांनी लवकर आटपावं.

बाह्या कापताना कापडाचे थर एकावर एक टाकतात आणि वर पुठ्ठ्याचा नमुना ठेवून आखतात. एकदा आखला की नमुना उलटा करून दुसऱ्यांदा आखायचा, म्हणजे एक बाही डावी होते आणि एक उजवी. शिकाऊ पोरगीसुद्धा हे पहिल्या आठवड्यात शिकते. मी नमुना उलटा केला नाही. साठ थर होते. कात्री चालवली आणि एकशेवीस बाह्या काढल्या. सगळ्या डाव्या.

काजवालीने पहिला कोट जोडून उचलला, लांब धरून पाहिला आणि म्हणाली, "मास्टर, रागावू नका, पण या माणसाला दोन्ही हात डावेच आहेत."

कापड चकाकणारं, तेव्हा उलट करून लावायची सोय नाही. नवा तागा गिरणीतून यायला दोन दिवस होते. साठ बाह्या जास्तीच्या आणि दोन दिवस हाताला काम नाही. मी कापायच्या टेबलाखाली जमिनीवर बसले. पाचजणी मशीनीमागे मुकाट. मी ओरडेन म्हणून त्या वाट बघत होत्या, आणि मला ओरडायला काही सुचेना.

वन्सं जिन्यावरून खाली आल्या. एवढी शांतता का म्हणून बघायला आल्या होत्या. त्यांनी कोट पाहिला, ढीग पाहिला, मला पाहिलं. मग एक बाही उचलली, तिच्यात चिंध्या कोंबल्या, सुई घेऊन दहा-बारा ओबडधोबड टाके घातले आणि तो गोळा माझ्या डोक्यात मारला.

"बसलीस का नुसती? धर," त्या म्हणाल्या.

"वन्सं, माझं आयुष्यभराचं नाव गेलं आणि तुम्हाला खेळ सुचतोय?"

"नाव कुठे जातंय, इथेच आहे की टेबलाखाली. टाक चेंडू."

मी रागाने फेकला. तो त्यांना न लागता काजवालीच्या कपाळावर बसला. तिने तो उचलला आणि नेम धरून मला मारला. चौदा वर्षं पगार घेणाऱ्या बाईने. मी हसले. मग रडायला लागले, मग पुन्हा हसले, आणि वन्संनी तिन्हींकडे कानाडोळा केला. संध्याकाळपर्यंत आम्ही मागच्या अंगणात होतो. मोठ्या दोऱ्याची सात रिकामी रिळं एकावर एक रचायची, चेंडूने पाडायची, आणि समोरच्या गटाने चेंडू मारून बाद करायच्या आत पुन्हा रचायची. लगोरीच, पण रिळांची. माझा गुडघा फुटला. साठाव्या वर्षानंतर गुडघा फुटणं ही फार मजेची गोष्ट आहे. दर थोड्या वेळाने मी तो उघडून बघत होते.

त्या साठ बाह्यांमधून एकवीस चेंडू झाले. बाकीच्या बाह्या फाडून त्यांच्या पोटात गेल्या. त्या दिवसापासून आजतागायत कारखान्यात चार वाजता मशीनी थांबतात आणि वीस मिनिटं डाव होतो. गुण दाराच्या मागच्या बाजूला खडूने लिहितात.

लेकीने एकदा विचारलं होतं, "आई, पण त्याने उत्पादन वाढलं का? कामाची गती वगैरे?" तिला वाटलं असेल की यात काहीतरी युक्ती आहे. मी खरं ते सांगितलं. वाढलं नाही. थोडं कमीच झालं. आम्ही त्यासाठी खेळतच नव्हतो. मग कशासाठी, असं तिने विचारलं, आणि मला उत्तर देता आलं नाही. आज देते. सबंध दिवसात मी कुणाच्या उपयोगाची नसते अशी ती वीस मिनिटं असतात, आणि तेवढ्यात मला माझा चेहरा आठवतो.

तर यांतले जे चेंडू आज उरले आहेत ते, कलम नऊमधला एक सोडून, कारखान्यातच राहावेत. चौदावा वाकडा जातो, तो नवख्यांना देऊ नये.

७. कारखाना. हे कलम मी आधी असं लिहिलं होतं:

'कारखान्याची जागा व धंदा माझ्या मुलीस मिळावा, परंतु त्याआधी तिने शंभर दिवस रोज चार वाजता अंगणात येऊन वीस मिनिटं खेळलं पाहिजे. हजेरी काजवालीने ठेवावी.'

वाचायला बरं वाटतं. मलाही वाटलं होतं. माझी लेक चव्वेचाळीस वर्षांची आहे, एका बड्या कंपनीत दुसऱ्यांची कामं वेळेत होतायत की नाही हे बघण्याचं काम करते. तिच्याकडे दोन फोन आहेत आणि ते एकमेकांशी भांडतात. गेल्या वर्षी ती कचेरीत जिन्यावरच चक्कर येऊन पडली. मी दवाखान्यात गेले तर एका हातात सलाईन आणि दुसऱ्या हातात फोन. डॉक्टरांनी तिला विश्रांती सांगितली, तर तिने विश्रांतीचं वेळापत्रक केलं आणि त्यात ती दोन दिवस पुढे होती. म्हणून मी ही अट घातली. कारखाना हवा असेल तर खेळ. मला फार हुशार असल्यासारखं वाटलं.

रविवारी ती आली तेव्हा मी तिला मसुदा वाचून दाखवला. तिने फोन काढला आणि बोटं चालवली.

"शंभर दिवस, रोज वीस मिनिटं. म्हणजे तेहतीस तास वीस मिनिटं होतात. आई, रोज आठ तास सलग खेळले तर सव्वाचार दिवसांत उरकेल. सुटी टाकते. चालेल ना? अटीत सलग चालणार नाही असं कुठे लिहिलेलं नाहीये."

ती थट्टा करत नव्हती. माझ्यासाठी ती सव्वाचार दिवस मान खाली घालून खेळली असती, आणि शेवटी मला अहवाल दिला असता. वन्सं रेडिओ बंद करून म्हणाल्या, "तुझीच लेक गं. अगदी तुझीच."

८. सबब वरील अट रद्द. अट घातली की खेळाचं काम होतं, हे बहात्तर वर्षांच्या बाईला कळायला हवं होतं.

आणि त्याबरोबर कारखानाही. कारखान्याची जागा, पाट्या, गिऱ्हाइकं, अंगण आणि चार वाजताची वेळ ही पाचही बायकांना समाईक द्यावी. मुख्य म्हणून काजवालीने कापायच्या टेबलाशी उभं राहावं. नमुना उलटा करायला विसरू नये. विसरली तर बाविसावा चेंडू करावा.

हे मी लेकीला त्याच रविवारी सांगितलं.

"म्हणजे मला काहीच काम ठेवलं नाहीस," ती म्हणाली.

"नाही ठेवलं."

"मी नीट चालवला असता, आई."

"ते मला माहीत आहे गं. म्हणूनच."

ती चहा न घेता गेली. तिने जिन्यावर फोन लावला नाही यावरून मला कळलं की तिला लागलं आहे. त्यानंतर तीन आठवडे तिचा आवाज नाही. मला तिचा राग आलेला नाही. कारखाना काढून घेतला असं तिला वाटतं. मला तिच्या मानेवरचं ओझं काढायचं होतं, पण हात लावला तो नेमका दुखऱ्या जागी. ती मला न भेटता, न बोलता अशीच राबत राहिली आणि माझं हृदय मध्येच थांबलं तर काय, ही एकच काळजी मला सध्या आहे. बाकी सगळं कागदावर नीट झालं आहे.

९. राग आणि जुने हिशेब.

त्या हॉटेलच्या व्यवस्थापकांना एक चेंडू द्यावा. सात वर्षांपूर्वी ते नेमके चारला आले, आम्ही सहाजणी रिळांमागे धावताना पाहिलं आणि म्हणाले, "हा कारखाना आहे की बालवाडी?" आणि पुढचे कोट दुसरीकडे दिले. त्या दुसऱ्याने शिवलेल्या कोटांची कॉलर पहिल्याच धुण्यात वाकडी झाली, याचा मला झालेला आनंद मी सोबत घेऊन जात आहे. चेंडू त्यांनी आनंदाने घेतला तर ठीक. नाही घेतला तर दुरून मारावा, हळू.

समोरच्या घराच्या मालकिणीला मी माफ करते. तिच्या अंगणात गेलेले आमचे तीन चेंडू तिने परत दिले नाहीत. माझी समजूत आहे की ती ते एकटीच खेळते. असेल तर ठेवून घ्यावेत.

वन्संच्या बाबतीत मात्र मी मागे हटणार नाही. चार वर्षांपूर्वी, एका संध्याकाळच्या शेवटच्या डावात, सातवं रीळ पडलेलं होतं. वन्सं आजही म्हणतात की ते उभं होतं आणि माझ्या चपलेच्या वाऱ्याने पडलं. हा मुद्दा माझ्यानंतरही खुला राहावा आणि कुणीही त्यात समेट घडवून आणू नये.

१०. बटणांचा डबा.

हे कलम लिहायला मी चार दुपारी घेतल्या.

माझ्याकडे एक पत्र्याचा उंच डबा आहे. त्यात जुनी, उरलेली, जोडी फुटलेली बटणं आहेत. शिंपल्याची, लाकडी, पितळी, लाल काचेची. यजमान गेल्यानंतर शाळा सुटली की लेक खाली कारखान्यात यायची आणि कापायच्या टेबलाखाली बसायची. डबा उपडा करायची, खडूने गोल काढायची आणि बटणाने बटण टिचकीने मारून गोलाबाहेर काढायचा खेळ तिने स्वतःच शोधला होता. तो एकटीने खेळता येत नाही. म्हणून ती दोन्ही बाजूंनी खेळायची आणि मध्येच टेबलाखालून माझी साडी ओढायची.

"आई, एक डाव?"

मी म्हणायचे, "हे झाल्यावर."

हे म्हणजे बाह्या, मग कॉलर, मग काज, मग उद्याची कापणी. हे कधी झालंच नाही. एकदा बटणांवरून माझा पाय घसरला तेव्हा मी डबा हिसकावून घेतला आणि ओरडले, "बटणं लावायला असतात, मांडायला नसतात." ती अकरा वर्षांची होती. त्यानंतर तिने कधी डाव मागितला नाही. दुसऱ्या दिवसापासून ती टेबलाशेजारी उभी राहून बटणं लावायला लागली. टाके इतके सारखे की मलाही कौतुक वाटलं. मी गल्लीत सगळ्यांना सांगितलं की पोरगी आता शहाणी झाली.

मी तिला आयुष्यभर काम दिलं. दुसरं काही द्यायला मला येत नव्हतं, आणि ते मी जीव लावूनच दिलं, एवढं तिने मानावं. त्या दिवशी मी चुकले. चूक डाव्या बाह्यांहून मोठी होती आणि तिचा चेंडूही करता आला नाही. बाळा, मला माफ कर.

हा बटणांचा डबा, त्यातल्या सर्व बटणांसह, माझ्या लेकीला द्यावा. मांडायला. त्याला कसलीही अट नाही. मांडली नाहीत तरी डबा तिचाच.

११. मी गेल्यावर काय करावं याबद्दल मला फार बोलायचं नाही. मला कपडे घालायची वेळ आली तर निळा कोट घालावा, खुंटीवर आहे. त्याच्या दोन्ही बाह्या डाव्या आहेत. तो पहिला कोट मी जपून ठेवला आहे. कुणी हसलं तर हसू द्यावं. कारखाना पाहिजे तर बंद ठेवा, पाहिजे तर चालू ठेवा, पण चार वाजता डाव झाला पाहिजे. माझ्या गटात एक कमी राहील. तिथे कुणाला घ्यायचं ते माझ्या गटाने ठरवावं, वन्संनी नाही.

१२. (हे कलम टाईप केलेलं नाही. मी आज, सहीच्या दिवशी, वकिलांच्या पेनाने लिहीत आहे आणि त्यांनी त्यावर काहीही पेन्सिल चालवलेली नाही.)

सहीची वेळ साडेतीन ठरली होती. कापायचं टेबल मोकळं केलं होतं. वकील, डॉक्टर आणि आम्हाला दोऱ्याची रिळं पुरवणारा रिळंवाला हजर. ज्यांना काही मिळणार त्यांना साक्षीदार होता येत नाही, म्हणून कारखान्यातली एकही बाई साक्षीला चालेना, वन्संही चालेनात. डॉक्टर आणि रिळंवाला यांना या कागदाने काही मिळत नाही. दोघांनी आपापला चेंडू आधीच, माझ्या हयातीत, मागून घेतला आहे.

साडेतीनला दोन मिनिटं असताना लेक आली. तिला वकिलांनी कळवलं होतं. तीन आठवड्यांनी पाहिली, वाळली होती. "मला वीस मिनिटं आहेत," ती उभ्यानेच म्हणाली. "चारला मीटिंग आहे, बाहेर गाडीतूनच करणार आहे. कारखान्याचं तू ठरवलंस ते ठीक आहे. मी भांडायला आले नाहीये."

"मग बस," मी म्हणाले.

बसली. वकिलांनी पहिल्यापासून वाचायला घेतलं. डाव्या बाह्यांपाशी रिळंवाला हसला. सव्वाचार दिवसांपाशी लेकीने खाली बघितलं आणि तिचे कान लाल झाले. मग दहावं कलम आलं. वकील 'माफ कर'पाशी थोडे अडखळले, चष्मा पुसला आणि पुढे वाचू लागले.

डबा टेबलावरच होता. तिने झाकण काढलं. आधी आत नुसता हात घातला आणि तसाच ठेवला. मग एक मूठ बटणं बाहेर काढली. वकील अकरावं कलम वाचत होते, निळा कोट, खुंटी, आणि ती लाल काचेची एका बाजूला आणि पितळी दुसऱ्या बाजूला लावत होती. माझा खडू घेऊन तिने टेबलावर गोल काढला. तो फार नीट आला, म्हणून तिने तो हाताने पुसला आणि पुन्हा वाकडा काढला.

फोन वाजला. तिने पाहिला आणि उलटा ठेवला. दुसरा वाजला. तो वन्संनी उचलून, बरोबर खाली आणलेल्या आपल्या रेडिओच्या मागे ठेवला आणि त्यावर उशी टाकली.

वकिलांनी शेवटचं पान माझ्यासमोर सरकवलं. पेनाचं टोपण काढून दिलं. "मास्टर, इथे, आणि इथे. मला पाचला दुसरीकडे पोचायचंय."

टेबलाच्या पलीकडून, चव्वेचाळीस वर्षांची माझी लेक, डोळे भरलेले आणि अंगठ्यावर बटण तयार धरलेलं, म्हणाली, "आई, एक डाव?"

मी पेन खाली ठेवलं आणि वकिलांना म्हणाले, "हे झाल्यावर."

पहिला डाव तिने जिंकला. दुसराही. नेम उत्तम आहे. कुठून शिकली माहीत नाही, मी शिकवला नव्हता. तिसऱ्या डावाच्या मध्यात चार वाजले, मशीनी थांबल्या आणि सगळे अंगणात गेले. डॉक्टर माझ्यासाठी खुर्ची घेऊन आले, ती मी वापरली. लेक माझ्या गटात माझ्या जागी धावली. सहा रिळं रचली आणि सातवं ठेवताना वन्संचा चेंडू तिच्या पाठीत बसला. रीळ आधी बसलं की चेंडू आधी, यावर वाद झाला. अजून चालू आहे. कलम नऊमधला शेवटचा मुद्दा आता लेकीच्या नावे वर्ग करावा, तिने तसं कबूल केलं आहे.

सहीला एक तास पस्तीस मिनिटं उशीर झाला. त्याबद्दल मी दिलगीर नाही. वकील पाचला जिथे जाणार होते तिथे गेले नाहीत. त्यांचा बूट समोरच्या घराच्या अंगणात पडला आहे.

वरचा सर्व मजकूर मी स्वतः वाचला, मला वाचूनही दाखवला, तो माझ्या मनाप्रमाणे आहे आणि त्यात आता मला काही बदलायचं नाही.

ठिकाण : कारखाना, कापायचं टेबल, बटणं बाजूला सारून
दिनांक : १९ नोव्हेंबर २०१५, गुरुवार, सायंकाळी पाच वाजून पाच मिनिटं

सही : मास्टर

साक्षीदार

१. डॉक्टर. सही. मास्टरांची प्रकृती मी तपासली. धाप लागली होती, पण ती हसण्याची होती.

२. रिळंवाला. सही. वरची सही आमच्या डोळ्यांसमोर झाली. सातवं रीळ आधी बसलं होतं, हेही आम्ही डोळ्यांनी पाहिलं.